गोल्फच्या काठीवरची माझी रेघ

सरळ रेघ मारणं लोकांना फार सोपं वाटतं. पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली, झालं! अशा लोकांशी मी वाद घालत नाही. खामगावातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्या एकतीस वर्षांत फळ्याला कधी पट्टी लावली नाही. खडू एका टोकाला टेकवायचा, नजर दुसऱ्या टोकावर ठेवायची आणि चालू लागायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी रेघ खरोखर सरळ आहे का हे बघायला दोरी मागवली. दोरीला मधे गाठ निघाली, रेघेला काही निघालं नाही. गुलाबराव सरांची रेघ म्हणजे रेघ, असं आमच्या भागात अजून म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

हे आत्मचरित्र नाही. धम्मदीप माझ्याकडेच का आला, ते कळावं म्हणून सांगितलं.

धम्मदीप माझा जुना विद्यार्थी. चित्रकला यथातथाच, त्याने काढलेल्या हत्तीवर मी 'म्हैस चांगली' असा शेरा मारला होता. पण हात पक्का. आता एमआयडीसीत त्याचं लहानसं वर्कशॉप आहे. फवारणीच्या पंपाचे नोजल आणि असलाच बारीकसारीक माल तो बनवायचा. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी अकरा वाजता मी तिथे जाऊन बसतो. मला कोणी बोलावलेलं नाही, पण दाराजवळची लोखंडी खुर्ची माझी आहे असं सगळे धरून चालतात, आणि मी कोणाचा गैरसमज दूर करत नाही.

तर जानेवारीतल्या एका सकाळी हा धम्मदीपच माझ्या घरी आला आणि फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू त्याने टीपॉयवर ठेवली. फडकं सोडलं. आत स्टीलचा चकचकीत ठोकळा. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला गोलसर, आणि वरून काठी बसवायला भोक.

"इस्त्रीचं बूड हाये का हे?" आमच्या वच्छलाने चहा ठेवता ठेवता विचारलं.

"नाई काकू. गोल्फच्या काठीचं डोकं हाये. याले पटर म्हणतात. हिरवळीवर चेंडू हळूच ढकलून भोकात घालाचा ना, त्याच्यासाठी."

वच्छलाने त्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि ती आत गेली.

धम्मदीपने मला ठोकळा वरून बघायला लावला. पाठीवर मधोमध एक बारीक पांढरी रेघ होती. खेळणारा उभा राहून वरून ही रेघ बघतो आणि काठीचं तोंड भोकाकडे आहे की नाही ते ठरवतो. पुण्याची एक नवी कंपनी ह्या काठ्या विकते आणि डोकी धम्मदीपकडून करून घेणार आहे. मात्र त्याने पाठवलेला नमुना दोनदा परत आला होता.

"काऊन?"

"ते म्हणतात, रेघ वाकडी दिसते. सर, मशीननं मारली. चार डाव मोजली. केसाएवढा फरक नाई. मोजली तं सरळ, पाह्यली तं वाकडी! आता तुमीच सांगा."

मोजली तर सरळ आणि पाहिली तर वाकडी! साठी उलटल्यावर माणसाला नवं कोडं मिळत नाही. मिळतात ती गुडघ्यांची आणि पेन्शनच्या कागदांची. मी ठोकळा खिडकीशी नेला. एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा मिटून बघितला. तेवढ्यात धम्मदीपने सांगितलं की बारा फेब्रुवारीला कंपनीच्या सुवर्णा मॅडम स्वतः येणार आहेत. तिसरा नमुना नापास झाला तर विषय संपला.

"मंग?"

"मंग मी चाकणले चाललो, सर. नोकरीचं पत्र आलं. नोजल आता बाहेरून तयार येतात, त्याच्यावर वर्कशॉप चालत नाई. कुलूप लावावं लागन."

मला पहिल्यांदा आठवले ते वर्कशॉपमधले गणेश आणि बाकीचे दोन कारागीर, त्यांचे संसार. निदान असं लिहायला बरं वाटतं. खरं म्हणजे पहिल्यांदा मला माझी खुर्ची आठवली. सकाळी अकरा ते एक मी जाणार कुठे, हा प्रश्न पडला. कारागीर मागाहून आठवले, त्याची लाज अजून वाटते.

"बारा तारखेच्या आत तुझी रेघ सरळ दिसंल," मी म्हणालो. "गुलाबरावाचा शब्द."

शब्द देताना माणसाने आधी निदान एकदा गोल्फ बघितलेला असावा, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

धम्मदीपने डोक्यात एक पाइप पक्का बसवून दिला आणि मी हॉलमध्ये प्रयोग सुरू केला. दिवाणापासून फ्रिजपर्यंतची फरशी हे मैदान. फ्रिजपाशी आडवा ठेवलेला स्टीलचा ग्लास हे भोक. कंपनीने पाठवलेला चेंडू एकच होता. रेघ ग्लासाच्या समोर धरायची, चेंडू ढकलायचा. चेंडू डावीकडे जायचा. दहातले आठ फटके डावीकडे, एक ग्लासात, आणि एक वच्छलाच्या पायाला.

आवाज ऐकून शेजारचे अर्जुनराव आले. अर्जुनराव जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. त्यांना वस्तू दिसत नाहीत, फक्त मापं दिसतात. लग्नाला गेले तरी मांडवाची लांबी घेऊन येतात. त्यांनी माझा एक फटका बघितला, घरी गेले आणि टेप घेऊन आले. अर्धा तास हॉल मोजला.

"सर, काठीत दोष नाई. तुमचा हॉलच गुण्यात, म्हणजे काटकोनात नाई बाप्पा. ही भिंत तिकडून दोन इंच जास्त भरते."

माझी सरळ रेघ बिघडली ती बिघडली, वच्छलाचा ह्या घरातला बावीस वर्षांचा संसार वाकडा निघाला. त्या दिवसापासून तिला भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं दिसतंय. दिवाण सरकवला, टीव्ही सरकवला, शोकेस सरकवलं. शोकेसच्या मागे चार वर्षांपूर्वी हरवलेलं गॅसचं पुस्तक सापडलं, एवढाच काय तो ह्या संशोधनाचा फायदा. आणि ह्या सरकवासरकवीत कोणीतरी दार उघडं ठेवलं. माझा पुढचा फटका दारातून बाहेर, तीन पायऱ्या उतरून, थेट नालीत गेला.

नालीतला चेंडू शोधायला आख्खी गल्ली जमली. प्रत्येकाजवळ सल्ला होता. एकाने मच्छरदाणीचं कापड लावून पाणी गाळायला सांगितलं. दुसऱ्याने नगरपालिकेत तक्रार द्यायला सांगितलं. म्हणजे नाली साफ होईल आणि चेंडूही निघेल. त्याच्या बोलण्यात मला चेंडूपेक्षा नालीचीच काळजी जास्त दिसली. चेंडू काही मिळाला नाही. शेवटी गणेशने लेथवर नायलॉनच्या दांड्यातून तसाच एक कातून दिला. तो जरा जड होता, पण जात होता मात्र डावीकडेच.

आता मला नाद लागला. गावात जिथे जिथे सरळ रेघ आहे तिथे मी थांबून बघू लागलो. रस्त्याच्या मधला पट्टा, दुकानांच्या शटरच्या खाचा, बँकेच्या दारातली साखळी. उभं राहून बघावं तर एक दिसतं, बाजूला सरकून बघावं तर दुसरं. भाजीबाजारात मी वच्छलाच्या साडीचा काठ एक डोळा मिटून बघत होतो. तिने पिशवी माझ्या हातात कोंबली.

"लोकं पाहून राह्यले! रस्त्यात बायकोले डोळा मारता का या वयात?"

मी तिला शास्त्रीय कारण सांगितलं. तिने ते टोमॅटोवाल्यासमोर ऐकून घेतलं नाही.

अर्जुनरावांचं म्हणणं पडलं की फरशीवर काहीच सिद्ध होत नाही, गवत पाहिजे. खामगावात बारीक कापलेलं गवत म्हणजे एका सार्वजनिक बागेतला हिरवळीचा तुकडा. बाग ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचं नाव मी घेत नाही, कारण मला अजून ह्याच गावात राहायचं आहे. तिथल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला.

"खेळाले परवानगी लागत नाई. बसा, खेळा. पण हे भोकाचं काय लिहिलं?"

"सव्वाचार इंचाचं भोक पाडावं लागेल. खेळ झाला की बुजवून देतो."

"म्हणजे खोदकाम!" त्यांचा चेहरा उजळला. "गोल्फचा नमुना आपल्यापाशी नाई. खोदकामाचा हाये."

आणि त्यांनी रस्ता खोदण्याच्या परवानगीचा चार पानी नमुना पुढे केला. मी शिक्षक होतो. रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोदकामाची लांबी: अकरा सेंटिमीटर. रुंदी: अकरा सेंटिमीटर. यंत्राचा प्रकार: खुरपं. वाहतूक वळवण्याचा पर्यायी मार्ग: लागू नाही. हे बाबूंना पटलं नाही. बागेत माणसं फिरतात, त्यांनी कुठून जावं ते नकाशासह दाखवा, म्हणाले. मी नकाशा काढला. हाताने, पट्टीशिवाय. त्यांनी पट्टीने काढून आणायला सांगितलं.

ह्या एका वाक्याने माझं जेवण गेलं.

पाचव्या दिवशी त्यांचे इंजिनियर जागा बघायला आले, खाली पाण्याची पाइप नाही ना याची त्यांनी खात्री केली आणि परवानगी मिळाली. अट एवढीच की खड्ड्याशेजारी लाल झेंडा लावायचा आणि 'काम चालू आहे' असा फलक ठेवायचा. म्हणून आम्ही झेंडा लावला. गोल्फच्या भोकात झेंडा असतोच, हे मला सुवर्णा मॅडमनी पुढे सांगितलं. म्हणजे ह्या सगळ्या भानगडीत खेळाचा नियम माहीत असलेलं एकच ठिकाण निघालं, ते म्हणजे ते कार्यालय.

बारा तारखेला चार दिवस राहिले होते. सकाळी सात वाजता मी, धम्मदीप, अर्जुनराव आणि त्यांचा टेप असे बागेत पोचलो. फलक बघून फिरायला आलेली माणसंही थांबली. कसलं काम चालू आहे ते त्यांना बघायचं होतं. मी वाकून रेघ भोकाच्या समोर धरली. श्वास रोखला. चेंडू डावीकडे. पुन्हा धरली. पुन्हा डावीकडे. एक गृहस्थ म्हणाले, सरांचा डावा पाय पुढे पडतो. दुसरे म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता पन्नाशीचा आहे आणि ज्याला मी वार्षिक परीक्षेत वर ढकललं होतं, मला खांदा कसा ठेवावा ते दाखवलं. मी सगळ्यांचं ऐकलं. तोंडावर हसू ठेवलं होतं, पण आतून मी पार खचलो होतो. धम्मदीप खिशातलं ते चाकणचं पत्र मधून मधून चाचपत होता.

तेवढ्यात त्याचे वडील आले. सहदेवराव जळगाव जामोदकडच्या त्यांच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आले होते, पोराला ओल्या हरभऱ्याचा भारा द्यायला. घराला कुलूप बघून कोणाला तरी विचारत बागेत पोचले. भारा खांद्यावर तसाच. थोडा वेळ त्यांनी माझे फटके बघितले.

"गुरुजी, एक इचारू का? तुमी पाहून कुठीसा राह्यले?"

"रेघेकडे. नाहीतर कुठे?"

"मंग कसं होईन!" त्यांनी भारा खाली ठेवला. "तिफणीमागं उभं राह्यलं ना, का तासाकडे पाहाचंच नाई. तासाकडे पाह्यलं का तास वाकडं. धुऱ्यावरचा निंब धराचा आन् दोन बैलाच्या मधातून त्याच्याकडे पाहाचं. निंब मधात राह्यला पाहिजे, बस. तास आपलं आपण सरळ येते."

ज्यांनी तिफण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेरणीचं ते तीन दात्यांचं अवजार; तास म्हणजे त्याची मातीत पडणारी ओळ, आणि धुरा म्हणजे वावराचा बांध. पुढे दोन बैल, मागे माणूस, आणि पहिलं तास जसं पडेल तशी वावरातली बाकीची सगळी तासं पडतात. सहदेवराव चाळीस वर्षं पहिलं तास धरत आलेत. गावातले लोक त्यांना त्यासाठी बोलावून नेतात.

त्यांनी काठी हातात घेतली. माझ्यासारखं वाकले नाहीत, डोळा मिटला नाही. चेंडूकडे जेमतेम बघितलं, लाल झेंड्याकडे बघितलं आणि खुरप्याने ढेकूळ सारावं तसा चेंडू सारला. चेंडू सरळ गेला आणि भोकात पडला.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. अर्जुनरावांनी अंतर मोजलं: अकरा फूट चार इंच. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला, माझा स्वतःचाच. एकतीस वर्षं मी फळ्यावर दुसरं काय करत होतो? नजर त्या टोकाला! आणि ह्या बोटभर रेघेने मला खाली बघायला लावलं होतं.

"धम्मदीप," मी म्हणालो, "ही मधली रेघ पुसून टाक. आपण दोन बैल काढू."

ठरलं ते असं: मधे काहीच नाही. चेंडूच्या रुंदीएवढी जागा काळी, रिकामी. दोन्ही बाजूंना दोन रुंद पांढऱ्या पट्ट्या. चेंडू त्यांच्या मधात दिसला पाहिजे आणि नजर त्यांच्या मधातून पुढे गेली पाहिजे. धम्मदीपने मशीनवर चिकटपट्टीचे दोन साचे कापून घेतले, दोन डोकी काळी केली, साच्यांतून पट्ट्या मारल्या आणि काठ्या पक्क्या बसवल्या. अकरा तारखेला दोन नमुने तयार. दोन्हींनी चेंडू बराच सरळ जाऊ लागला. अगदी सरळ म्हणवत नव्हतं. कुठेतरी एक बारीकशी ओढ डावीकडे उरली होती. पण आता वेळ नव्हता.

बारा तारखेला सकाळी धम्मदीप मॅडमना आणायला स्टेशनवर गेला आणि जाताना मला म्हणाला, "सर, फक्त लक्ष ठेवा."

गणेश हा जुन्या वळणाचा कारागीर. त्याची एक पद्धत आहे: नवा नग तयार झाला की पहिल्याला कुंकवाचा टिळा लावल्याशिवाय तो हातातून सोडत नाही. नोजलला लावतो, कपलिंगला लावतो. धम्मदीप स्वतः असलं काही करत नाही, पण गणेशला त्याने कधी अडवलेलं नाही. मी खुर्चीवर पेपर वाचत होतो. मान वर केली तेव्हा गणेश गोडेतेलात कुंकू कालवून, डोळे मिटून, एका नमुन्याच्या उजव्या पट्टीवर अंगठा टेकवत होता.

"गणेश!"

माझ्या ओरडण्याने तो दचकला आणि टिळ्याचा फराटा झाला. पांढऱ्या पट्टीवर लाल तेलकट फराटा. त्याने घाबरून थिनरचा बोळा घेतला आणि जोरात पुसलं. फराटा गेला, आणि पट्टीही गेली. एकच बैल उरला.

साचा एकदाच वापरता येतो, दोन्ही फाटून कचऱ्यात पडलेले. नवा कापायला मशीन लावायचं तर तास गेला असता. मॅडम वीस मिनिटांत दारात. गणेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, मले काढून टाकतीन," एवढंच तो म्हणत होता. त्याला कोण काढणार? कुलूपच लागणार होतं.

"ब्रश आण," मी म्हणालो.

काठी पक्की बसवलेली असल्यामुळे डोकं टेबलावर आडवं घेता येईना, सारखं डगमगायचं. मग ती काठी तशीच जमिनीवर उभी केली, गणेशने धरली. आता वाकून रंगवायचं तर माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेवटी ब्रश एका फूटपट्टीला सुतळीने बांधला आणि खेळाडू जसा काठीवर उभा राहतो तसा मी उभा राहिलो. वरून बघितलं, नजर पुढे दारावर ठेवली आणि हात सोडला. रंग लागला. एक कड जरा ढळल्यासारखी वाटली, ती सारखी केली. पुन्हा बघितलं. सरळ! डावीपेक्षाही सरळ. गणेशने पंख्याखाली धरून ती वाळवली.

सुवर्णा मॅडम पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. चहा नको म्हणाल्या. वर्कशॉपच्या मधे हिरवी सतरंजी अंथरली होती, टोकाला आमचा स्टीलचा ग्लास आडवा ठेवला होता. त्यांनी आधी साच्याने मारलेला नमुना घेतला. दहा चेंडू मारले.

"कल्पना छान आहे. ही रिकामी जागा फारच छान. पण अजून थोडं डावीकडे ओढतंय."

धम्मदीपचा चेहरा उतरला. मॅडमनी दुसरा घेतला. पहिला चेंडू सरळ. दुसरा सरळ. चौथ्यानंतर त्या थांबल्या, काठीकडे बघितलं, पुन्हा मारायला लागल्या. दहातले नऊ ग्लासात.

"हाच!" त्या म्हणाल्या. "ह्याची उजवी पट्टी कोणी केली?"

खोटं बोलण्याची माझी प्रकृती नाही, आणि खरं सांगण्याची अशी संधी तर मी कधीच सोडत नाही. "मी," मी उभा राहून म्हणालो. "हाताने. पट्टीशिवाय."

"सगळी डोकी अगदी अशीच हवीत. अशीच म्हणजे अशीच, जराही बदल नको." त्यांनी तिथेच नमुन्यावर सही केली आणि मग चहा घेतला. दोन कप.

त्या गेल्यावर गणेशने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. धम्मदीप मात्र सहीचा नमुना घेऊन मापाच्या टेबलाशी गेला होता; तशीच करायची तर मोजायला हवी. बराच वेळ तो तिथून हलला नाही. मग हळूच माझ्याकडे आला.

"सर, राग नका धरू."

"काय झालं?"

"तुमची पट्टी वाकडी हाये. दीड अंश. आतल्या अंगाले."

काय सांगू! शाळेतून निरोप घेताना मी रडलो नव्हतो. त्या क्षणी मात्र डोळे भरून आले. हात गेला असेल, नजर गेली असेल, दोन्ही गेलं असेल. मी त्याच्या हातातून ती काठी घेतली, जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर उभा राहून बघितलं. मला पट्टी सरळ दिसत होती. अगदी सरळ.

"तू बघ इथून," मी म्हणालो.

तो उभा राहिला. बघत राहिला. "सरळ दिसते, सर."

गणेशने बघितलं. सरळ. मग साच्याची काठी ठेवली आणि तिघांनी आळीपाळीने बघितलं. तिची मोजून सरळ असलेली उजवी पट्टी किंचित बाहेर झुकलेली दिसत होती. माणूस चेंडूच्या बरोबर डोक्यावर कधी उभा राहतच नाही, थोडा अलीकडे राहतो. त्याचा डोळा तिरपा पडतो. जे मोजून सरळ ते तिथून वाकडं दिसणारच. टेबलाशी बसून हे कधीच कळलं नसतं. मी उभा राहून, डोळ्याला सरळ दिसेपर्यंत ब्रश फिरवला आणि माझ्या गुडघ्यांनी ते कोडं सोडवलं.

अर्जुनरावांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते दीड अंश म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात शिरणं.

धम्मदीपने चाकणचं पत्र फाडलं नाही; मागच्या कोऱ्या बाजूवर मशीनसाठी माझ्या पट्टीची मापं लिहिली. लाखभराच्या मशीनला दीड अंश वाकडं मारायला शिकवायला दोन दिवस लागले. आणि सुवर्णा मॅडमनी फोनवर अट घातली की माल पाठवण्यापूर्वी प्रत्येक नग उभं राहून, वरून, सरांनीच तपासावा. माझ्या खुर्चीवर आता मला बसायला वेळ मिळत नाही.

पहिल्या लॉटच्या सकाळी मी चष्मा पुसून उभा राहिलो. पहिला नग गणेशने माझ्या पायाशी टेकवला. तो नेहमीपेक्षा जास्त हसत होता. मी वरून बघितलं. पुन्हा बघितलं. मग धम्मदीपला बोलावून मोजायला लावला.

शून्य अंश.

"सर," गणेश खाली बघत म्हणाला, "सगळ्या दुनियेत तुमची वाकडी रेघ जाईन, मले पाहावलं नाई. म्या मशीनले चुपचाप सरळ करून टाकलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि शिक्षकाच्या अक्षरात पहिल्या नगाचा शेरा लिहिला: नापास. कारण: रेघ सरळ आहे.